फोटोकॉपी

गणित तीन. ऐंशीपैकी एकवीस.
आकड्याच्या पुढे एक बारीक एफ,
दात पडलेल्या किल्लीसारखा.

घरी सांगितलं, निकाल राखून ठेवलाय.
आई शाळेच्या गणवेशांना काजं करत होती.
दोरा दाताने तोडत म्हणाली,
राखून ठेवलाय म्हणजे काहीतरी चांगलंच असेल.
दिवेलागणीपर्यंत मजल्यावरच्या अकरा खोल्यांना कळलं
की वारंग्यांच्या मुलीचा निकाल
विद्यापीठाने खास बाजूला ठेवलाय,
पंगतीत जावयाचं पान ठेवतात तसा.

मी फोटोकॉपीचा अर्ज भरला.
दोन शिकवण्यांचे पैसे त्यात गेले.
पेपर तपासणाऱ्याने अन्याय केलाय, खात्री होती माझी.
मला तेव्हा अन्यायाची फार गरज होती.

खिडकीतल्या पडवळ मॅडम
वर न बघता शिक्का मारत म्हणाल्या,
"एटीकेटी म्हणजे सत्र चालू ठेवायची मुभा.
रडतेस कशाला? मुभा आहे."
मागचा मुलगा हसला.
त्याच्या हातात चार अर्ज होते.

उत्तरपत्रिका आली ती उघडली
नायगावच्या अभ्यासिकेत, रात्री साडेअकराला,
'मोबाईलवर बोलू नये'च्या पाटीखाली.
माझंच अक्षर, पण घाबरलेलं.
लाप्लासच्या गणितात तिसऱ्या ओळीपर्यंत बरोबर.
चौथ्या ओळीत वजाचं अधिक झालं
आणि तिथून पुढे दीड पान
मी त्या चुकीशी इमानाने वागले होते.

मग गुण मोजले.
पाच वेळा मोजले.
प्रश्न तीनचे दोन गुण दोनदा धरले होते.
एकवीस नव्हते,
एकोणीस.
अख्ख्या गणित तीनमध्ये
मला बरोबर आलेली ती एकच बेरीज.

समोर शिवगण काका बसायचे,
अग्निशमन दलातले,
खात्याच्या परीक्षेला चौथ्यांदा.
त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, कागद मागितला नाही.
"आग विझली की आम्ही परत आत जातो," म्हणाले,
"कुठून लागली ते बघायला.
तेव्हा फार वास येतो."
मग आपलं पुस्तक माझ्याकडे सरकवलं:
पाण्याचा दाब, नळीच्या तोंडाचा व्यास,
"हे वर्गमूळ कसं काढायचं गं?
विचारायची लाज वाटते साहेबांना."
मी काढून दाखवलं. त्यांना दुसऱ्यांदा समजलं.
दोन वाजले होते.
जाताना मी चौथ्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली.

सकाळी आईला म्हटलं, राखून नाही. नापास.
मशीन थांबलं नाही.
बाही पूर्ण झाली, मग म्हणाली,
"अकरा घरी मी सांगितलंय. आता तू सांग."

पहिल्या दारात आवाज फुटेना.
चौथ्या दारात कुणी ऐकलंच नाही, कुकर होता.
सातव्यात साटम आजींनी हातावर चिक्की ठेवली,
"पास झालीस ना?" नाही म्हटलं, तरी परत घेतली नाही.
नवव्यात मोठ्या कंपनीतले इंजिनियर घाग
दार ओढून बाहेर आले, हळूच म्हणाले,
"माझं दोनदा राहिलं होतं. हेच."
आणि आतून त्यांच्या बायकोने विचारलं,
"काय राहिलं होतं?"

डिसेंबरभर त्या दीड पानाची
मी रोज नव्याने सुरुवात केली.
चौथी ओळ आली की हात आपोआप थांबायचा,
रस्ता ओलांडताना थांबतो तसा.

अडतीस.
किल्ली गेली, तिच्या जागी एक चांदणी,
म्हणजे पहिल्या फटक्यात नाही.
आईने बोट ठेवून विचारलं, ही कशाची?
सांगितलं.
बेरीज तपासायचा अर्ज या वेळी भरला नाही.

शिवगण काकांची खुर्ची रिकामी असते.
त्यांच्या खात्याचा निकाल अजून लागायचाय.
राखून ठेवलाय म्हणतात.
या वेळी खरंच.